घरी येणारी सेवा, सहाय्यित निवास आणि काळजीचा दर्जा: पहिल्यांदाच व्यवस्था करणाऱ्यांसाठी

घरातल्या एखाद्या माणसाला रोजच्या कामांत मदत लागू लागली की निर्णय बहुधा घाईतच होतो. रुग्णालयातून घरी सोडायची तारीख ठरलेली असते, घरच्यांच्या रजा संपत आलेल्या असतात, आणि संस्थेला फोन लावून तीनच प्रश्न विचारले जातात: किती तास, किती पैसे, कधीपासून. काळजी चांगली असेल का, हा प्रश्न मागे राहतो. तो विचारायचा कसा आणि मिळालेलं उत्तर पारखायचं कसं, हे पहिल्या वेळी कुणालाच ठाऊक नसतं. त्यासाठी हा लेख.

व्यवस्था ढोबळपणे दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात काळजीवाहक घरी येतात: दिवसातून एकदोन फेऱ्या, बारा तासांची पाळी किंवा पूर्णवेळ मुक्काम. दुसरा प्रकार सहाय्यित निवासाचा. तिथे माणसाची स्वतःची खोली किंवा छोटी सदनिका असते आणि मदतीची माणसं त्याच इमारतीत किंवा हाकेच्या अंतरावर असतात. वयस्कर माणसं, अपंग व्यक्ती, दीर्घ मानसिक आजारातून सावरणारे, बौद्धिक अपंगत्व असलेले प्रौढ असे अनेक जण अशा निवासात राहतात.

दोन्हीकडे कसोटी एकच लावावी, असं माझं ठाम मत आहे: ज्याची काळजी घेतली जाते, त्याचा दिवस त्याच्या हातात किती राहिला? चादर स्वच्छ आहे, गोळ्या दिल्या, कामं वेळेत उरकली, एवढ्याने दर्जा ठरत नाही. कधी उठायचं, आंघोळ आधी की न्याहारी, दार उघडं ठेवायचं की लावून घ्यायचं, यातलं किती त्या माणसाच्या शब्दावर चालतं ते पाहायचं.

वैद्यकीय सेवेचा दर्जा तपासण्यासाठी अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये तीन अंगं मांडली: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. इमारत, परवाना, गणवेश, कर्मचाऱ्यांची संख्या ही झाली रचना. अंगाला हात कसा लावला, आधी काय विचारलं, नंतर काय नोंदवलं, ही प्रक्रिया. त्वचा धड आहे का, वजन टिकलं का, माणूस समाधानात आहे का, हा परिणाम. पहिल्या भेटीत फक्त रचना दिसते, म्हणून घरची माणसं तिच्यावरच निर्णय घेऊन मोकळी होतात. पुढच्या पायऱ्यांचा सगळा रोख उरलेल्या दोन अंगांवर आहे.

पायरी १: संस्थेला फोन करण्याआधी गरज लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि रोजच्या सहा गोष्टी लिहा: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं, बिछान्यातून किंवा खुर्चीतून उठणं, लघवी-शौचावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये याच सहा गोष्टींवरून माणसाचं स्वावलंबन मोजण्याची पद्धत दिली आणि ती आजही जगभर वापरात आहे. त्याखाली आणखी आठ गोष्टी लिहा: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं सांभाळणं, पैशांचे व्यवहार. ही दुसरी यादी लॉटन आणि ब्रोडी यांची, १९६९ सालची.

आता प्रत्येकीसमोर तीनपैकी एक उत्तर लिहा: स्वतः करतात, थोडा हात दिला की करतात, किंवा दुसऱ्यानेच करावं लागतं. मधलं उत्तर सर्वांत मोलाचं आहे. शर्टाची बटणं लावायला वडिलांना दहा मिनिटं लागतात, पण लावता येतात, हे काळजीवाहकाला कोणी सांगितलंच नाही तर तो ती मिनिटभरात लावून मोकळा होईल. त्याचा हेतू चांगलाच असेल. पण रोज असं झालं की काही आठवड्यांत बोटांची सवय जाते, आणि या वयात गेलेली सवय परत मिळवणं अवघड असतं. म्हणून ‘हे करून द्यायचं नाही, फक्त जवळ थांबायचं’ अशी कामं स्पष्ट लिहून द्या.

त्याच कागदाच्या मागे अर्धं पान त्या माणसाबद्दल लिहा, शक्यतो त्यालाच विचारून. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. कोणत्या कानाने ऐकू येतं. शरीराची कोणती बाजू दुबळी आहे. कशाची भीती वाटते. आयुष्यभर काय काम केलं. दुपारी झोपायची सवय आहे का. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या माणसाकडे आजार म्हणून न पाहता व्यक्ती म्हणून पाहावं, हा विचार टॉम किटवुड यांनी आग्रहाने मांडला. हे अर्धं पान म्हणजे त्या विचाराचं घरगुती रूप आहे. आयुष्यभर रात्रपाळी केलेला माणूस पहाटे तीनला उठून दाराकडे जात असेल, तर काळजीवाहकाला त्याचं कारण या पानावरून कळतं आणि तो त्याच्यावर आवाज चढवत नाही.

पायरी २: घर की निवास

याचा निर्णय घरच्यांनी परस्पर घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं १९ वं कलम सांगतं की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे. बोलणं तुटक असेल, आठवण कमी झाली असेल, तरी पसंती-नापसंती सांगता येते. दोन खोल्या दाखवल्यावर माणूस कोणत्या खोलीत रेंगाळतो, तेही उत्तरच आहे.

व्यवहाराच्या बाजूने आधी रात्रीचा विचार करा. दिवसाची मदत बांधणं सोपं असतं. रात्री दोनदा शौचालयाला न्यावं लागतं का, उठून चालताना पडण्याचा धोका आहे का, यावर बरंच काही ठरतं.

निवास निवडायचा असेल तर हे प्रश्न विचाराच. राहण्याचा करार आणि काळजीचा करार वेगवेगळे आहेत का? दोन्ही एकात गुंतलेले असतील तर सेवेबद्दल तक्रार करताना माणसाला खोली जाण्याची भीती वाटते आणि तो गप्प राहतो. खोलीची किल्ली त्याच्याकडे असते का? रात्रीचे कर्मचारी जागे असतात, की झोपतात आणि बोलावल्यावर उठतात? गरज वाढली, म्हणजे उद्या व्हीलचेअर लागली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर इथेच राहता येईल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबून पुन्हा एकदा घर बदलायची वेळ आली की त्याचा त्रास माणसाच्या प्रकृतीवर दिसतो.

पायरी ३: संस्थेला नेमकं काय विचारायचं

पहिला प्रश्न: दोन आठवड्यांत किती वेगवेगळी माणसं येतील? स्वीडनमध्ये घरसेवेचा हा आकडा नियमित मोजतात, चौदा दिवसांत एका व्यक्तीच्या घरी किती वेगवेगळे कर्मचारी आले. कारण सरळ आहे. उघड्या अंगाला रोज नवा हात लागणं कोणालाही नकोसं वाटतं. शिवाय टाचेवरची त्वचा काल कशी होती हे काल पाहिलेल्यालाच कळतं. ‘आमच्याकडे कर्मचारी भरपूर आहेत’ हे या प्रश्नाचं उत्तर नाही. ‘मुख्य दोघं, आणि ती रजेवर गेली तर तिसरी अमुक, तिला आधी दोनदा आणून ओळख करून देऊ’ हे उत्तर आहे.

नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ब्यूर्टझोर्ग ही घरसेवा संस्था याच विचारावर उभी राहिली. जास्तीत जास्त बारा जणांचा छोटा गट एका वस्तीची जबाबदारी घेतो आणि वेळापत्रक स्वतः ठरवतो. तुमच्या संस्थेची रचना तशीच असावी असं नाही, पण वेळापत्रक कोण बनवतं आणि ते बनवणारा माणूस तुमच्या घरच्यांना ओळखतो का, हे विचारून घ्या.

दुसरा प्रश्न वेळेचा. आरोग्य आणि काळजीसेवेबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेने २०१५ मध्ये घरसेवेबद्दल सूचना काढल्या. त्यांच्या मते अर्ध्या तासाहून छोटी भेट काही अटींवरच योग्य ठरते: येणारं माणूस ओळखीचं हवं, ती भेट मोठ्या व्यवस्थेचा एक भाग हवी, आणि ठरलेलं छोटं काम किंवा खुशाली पाहणं तेवढ्या वेळात नीट होणार हवं. आंघोळ, कपडे, न्याहारी आणि गोळ्या हे सगळं पंधरा मिनिटांत बसवलं असेल तर त्यातलं काहीतरी राहणार, आणि बहुधा राहतं ते बोलणं.

तिसरा: गेल्या वर्षी आलेली एखादी तक्रार आणि तिच्यावर काय केलं ते सांगा. नावं नकोत, घटना सांगा. ‘आमच्याकडे तक्रारच येत नाही’ असं ऐकलं तर सावध व्हा. माणसं जिथे माणसांची काळजी घेतात तिथे चुका होतात. तक्रार नसणं म्हणजे ती सांगायची वाट बंद असणं.

चौथा प्रश्न कर्मचाऱ्यांबद्दल आहे आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत. पगार वेळेवर होतो का? बारा तासांत जेवायची आणि पाठ टेकायची सुट्टी कोणत्या वेळी असते? एका घरून दुसऱ्या घरी जायचा वेळ कामात धरतात का? सलग किती पाळ्या लावतात? सोळा तास जागलेल्या बाईच्या हातून माणूस सुरक्षित उठवला जाणार नाही. तिच्या कामाच्या अटी म्हणजेच तुमच्या आईच्या सुरक्षेच्या अटी आहेत.

बाकीचं पटकन विचारून घ्या: पूर्वीच्या कामाची आणि ओळखीची तपासणी झाली आहे का, माणूस उचलण्याचं-बसवण्याचं प्रशिक्षण कोणी दिलं, पर्यवेक्षक महिन्यातून किती वेळा प्रत्यक्ष येतो, रात्री अडचण आली तर फोन कोण उचलतं.

निवास पाहायला जाणार असाल तर एक फेरी न सांगता, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी करा. त्या वेळी कर्मचारी सर्वांत कमी असतात. खोलीत शिरण्याआधी दार वाजवतात का ते पाहा. मदतीची घंटा वाजल्यावर कोणी उठेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळात मोजा. कर्मचारी राहणाऱ्यांशी बोलतात की त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी, हे दहा मिनिटांत कळतं. आणि राहणाऱ्यांशी बोला, व्यवस्थापक बाजूला नसताना.

पायरी ४: पहिला आठवडा

पहिले दोन-तीन दिवस घरातलं एक माणूस हजर असावं. पाळत ठेवायला नाही, ओळख करून द्यायला. पायरी १ मधला कागद हातात द्या आणि तोंडीही सांगा. तो कागद येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा भिंतीवर मात्र लावू नका. लघवीवर ताबा नाही ही बातमी पाहुण्यांसाठी नसते.

सेवेचा दर्जा सर्वांत लवकर कळतो तो आंघोळीत. अर्थात, ज्याची आंघोळ आहे त्याची हरकत नसेल तरच आत थांबा. त्याला संकोच वाटत असेल तर बाहेर थांबून बोलणं ऐकलं तरी बरंच कळतं. चांगला काळजीवाहक सगळं सामान आधी जवळ आणून ठेवतो, म्हणजे ओल्या माणसाला एकटं सोडून टॉवेल शोधायला जावं लागत नाही. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर किंवा कोपरावर पाहतो आणि मग त्या माणसाच्या हातावर. वयस्कर त्वचा पातळ असते आणि मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. ४९ अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही मिनिटांत गंभीर भाजू शकतं, ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत. प्रत्येक स्पर्शाआधी तो सांगतो: ‘आता पाठ चोळतो हं.’ धुवायचा भाग सोडून बाकी अंग झाकलेलं ठेवतो. तोंड धुवायला ओला रुमाल त्या माणसाच्याच हातात देतो. काखा, स्तनांखाली, जांघा, पायाच्या बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करतो. आणि पुसता पुसता त्वचेवर नजर फिरवतो.

डिमेन्शिया असलेली व्यक्ती आंघोळीला नकार देते तेव्हा काय होतं, तेही पाहा. ओढून नेणं हे कधीच उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा विचारता येतं, माणूस बदलून पाहता येतो, त्या दिवशी नुसतं अंग पुसलं तरी चालतं. रोज पूर्ण आंघोळ ही वैद्यकीय गरज नाही. झटापटीत घातलेल्या आंघोळीने दुसऱ्या दिवशीचा नकार आणखी घट्ट होतो.

उठवण्या-बसवण्यातल्या दोन गोष्टी लगेच थांबवा: काखेत हात घालून वर ओढणं, आणि पक्षाघाताने लुळा पडलेला हात धरून खेचणं. दुसऱ्या प्रकारात खांद्याचा सांधा निसटू शकतो आणि मग महिनोन् महिने दुखू शकतो. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलवा आणि त्या माणसाला उठवायची पद्धत सगळ्यांसमोर दाखवायला सांगा.

हातांबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे साबण-पाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, अल्कोहोलच्या द्रवाने चोळायला २० ते ३० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे टळत नाहीत. डायपर बदललेल्या हातमोज्यांनीच पाण्याचा पेला उचलला जात असेल तर त्याच क्षणी, पण शांतपणे सांगा.

पायरी ५: नोंदवही

मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी नोंदवही निवडेन. माणसं बदलतात, पाळ्या बदलतात, घरातलं कोणी दूरगावी असतं. या सगळ्यांना जोडणारा धागा वहीच असतो.

वाईट नोंद अशी असते: ‘पेशंट ठीक. जेवण झालं. झोप चांगली.’ महिनाभर रोज हेच लिहिलेलं असेल तर ती वही कोणी वाचत नाही आणि कोणी लिहीतही नाही, फक्त भरतात.

चांगली नोंद अशी: ‘सकाळी ७.१० ला उठल्या. वॉकरने बाथरूमपर्यंत गेल्या. परत येताना दोनदा थांबल्या, काल थांबल्या नव्हत्या. न्याहारी अर्धी ठेवली, पाणी पिताना दोनदा ठसका. उजव्या टाचेवर लालसर डाग, दाबल्यावर जात नाही. टाच उशीवरून मोकळी ठेवली. मुलीला ९ वाजता फोन केला.’ या सात ओळींत चार इशारे आहेत आणि प्रत्येकाची तुलना कालच्या दिवसाशी करता येते.

असं लिहायला शिकवावं लागतं. काळजीवाहकाला लिहायचा कंटाळा असेल किंवा लिहिता येत नसेल, तर आवाजात नोंद करून घ्या आणि घरातल्या कोणी ती उतरवा. वही महत्त्वाची, अक्षर नाही. एक नियम मात्र घालून द्या: नोंद घडल्यावर लिहायची. पाळी संपताना सगळ्या दिवसाची एकदम लिहायची नाही, आणि पुढच्या वेळेची आधी तर कधीच नाही.

औषधांसाठी वेगळा तक्ता ठेवा. योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच तपास प्रत्येक वेळी. गोळी दिली की तिथल्या तिथे सही. नाकारली तर ‘नाकारली’ असं लिहायचं, फेकून देऊन सही करायची नाही. गोळी कुटून द्यायच्या आधी औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारायचं, कारण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. पार्किन्सनच्या गोळ्यांना वेळेचं फार महत्त्व आहे. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी काहींचं अंग आखडतं, गिळणं अवघड होतं. अशा घरी भेटीची वेळ गोळीच्या वेळेवरून ठरवायची, उलट नाही.

पायरी ६: शरीर काय सांगतंय ते वाचायला शिका

परिणाम मोजायला यंत्रं लागत नाहीत. आठवड्यातून एकदा पुढच्या गोष्टी स्वतः पाहा.

त्वचा: माकडहाड, टाचा, कुल्ह्यांची हाडं, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लालसर डागावर बोट दाबून उचला. जागा क्षणभर फिकट न होता तशीच लाल राहिली, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे बेडसोअरची, पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा जांभळट लागतंय का ते पाहावं. अशा जागेवर चोळू नका आणि गोल कडीसारखी उशी लावू नका, दोन्हींनी नुकसान वाढतं. दर दोन तासांनी कूस बदलायची हा जुना नियम सर्वांना ठाऊक असतो, पण अंतर त्या माणसाच्या त्वचेवर आणि गादीवर अवलंबून आहे. ते नर्सने ठरवून वहीत लिहावं. हवेच्या गादीने कूस बदलणं रद्द होत नाही. खुर्चीत बसलेल्यालाही वजन इकडून तिकडे करावं लागतं, हे बरेचदा विसरलं जातं.

वजन: महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत. प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखवायचंच. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो गेले, हा सेवेबद्दलचाही प्रश्न आहे. ताट समोर ठेवलं जातंय की भरवलं जातंय? घास संपायची वाट पाहिली जातेय का? माणूस नव्वद अंशांत बसून जेवतोय की लोळत? जेवल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवतात का? पुन्हा पुन्हा ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे न्या.

तोंड: कवळी रात्री काढतात का, जिभेवर थर आहे का, ओठ फुटलेत का. तोंडाची स्वच्छता हा केवळ दिसण्याचा भाग नाही. अस्वच्छ तोंडातले जंतू ठसक्याबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

अचानक गोंधळ: काल बरा बोलणारा माणूस आज वेळ-जागा विसरला, भास होऊ लागले किंवा एकदम गपगार झाला, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत आलेला असा बदल म्हणजे डिलिरियम असू शकतो. त्यामागे जंतुसंसर्ग, नवं औषध, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं असं काहीतरी असतं आणि ते शोधून उपचार करता येतात. गपगार झालेला डिलिरियम हमखास निसटतो, कारण शांत पडून राहिलेला माणूस कोणाला त्रास देत नाही.

याच्याशी जोडलेला मुद्दा झोपेच्या आणि शांत ठेवणाऱ्या औषधांचा. डिमेन्शिया असलेल्या वयस्कर माणसांत अँटिसायकोटिक (तीव्र मानसिक आजारांवरच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्या औषधांवरही छापायला लावला. क्वचित त्यांची खरोखर गरज असते. पण रात्रपाळी सोपी जावी म्हणून ती दिली जात असतील, तर कोणी लिहून दिली, कशासाठी, आणि कधी थांबवून पाहणार, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा.

पायरी ७: छळ, बांधणं आणि पैसे

हा विषय अवघड वाटतो म्हणून टाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरच्या साधारण सहापैकी एका व्यक्तीला वर्षभरात समाजात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. वृद्धाश्रमांसारख्या निवासी संस्थांमध्ये तर तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून असं वर्तन झाल्याचं स्वतः सांगितल्याची नोंद आहे. यात मारहाण आहे तसं दुर्लक्ष, ओरडणं, लहान मुलासारखं दटावणं हेही आलं.

खुणा: दंडावर बोटांच्या आकाराचे वळ, दोन्ही मनगटांवर सारखे डाग, एका विशिष्ट पाळीआधीची बेचैनी, कोणी खोलीत आलं की बोलणं थांबणं. हात बांधणं हे उघड बंधन आहे. पण उठता येऊ नये म्हणून खुर्चीसमोर टेबल अडकवणं, चष्मा किंवा वॉकर दूर ठेवणं, पलंगाचे कठडे सतत वर ठेवणं हीसुद्धा बंधनंच. कठड्यांमध्ये शरीर अडकू शकतं, आणि त्यावरून चढून पडणारा माणूस जास्त उंचावरून पडतो. पडण्याची भीती असेल तर पलंग खाली करा, रात्री वाटेवर मंद दिवा ठेवा, पायात न निसटणारी पादत्राणं द्या, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या औषधांचा फेरविचार करून घ्या.

पैशांसाठी सुरुवातीलाच सोपी पद्धत घाला: छोट्या खर्चाची वेगळी वही, प्रत्येक पावती चिकटवलेली, बँकेचं कार्ड आणि पिन कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नाही. प्रामाणिक काळजीवाहकालाही यामुळे संशयापासून संरक्षण मिळतं, आणि हे त्याला तसंच सांगा.

दुखापत, छळ किंवा चोरीचा संशय आला तर त्या माणसाला आधी सुरक्षित करा. फोटो, तारीख, वेळ नोंदवा. मग संस्थेच्या वरिष्ठांना आणि गरज असेल तर पोलिसांना लेखी कळवा. आपसांत मिटवू या, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पायरी ८: बोलत राहणं, आणि वेळ आली तर बदलणं

रोजच्या छोट्या गोष्टी त्याच दिवशी, त्याच माणसाशी, एकट्यात बोला. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ असं म्हणण्याऐवजी ‘आज दुपारी बाबा चाळीस मिनिटं ओल्या डायपरमध्ये होते, काय अडचण आली?’ असं विचारलं की खरं कारण कळतं. कधी कारण असंही असतं की घरच्यांनीच तिला त्या वेळी दुसऱ्या कामाला लावलेलं होतं. काळजीसाठी नेमलेल्या माणसाला घरभराची कामं सांगत गेलं की पहिला फटका त्या वयस्कर माणसाला बसतो. चांगलं दिसलं तेही नेमकं सांगा. ‘छान करता’ यापेक्षा ‘तुम्ही आईला केस स्वतः विंचरू दिले, ते तिला फार आवडलं’ हे ऐकलेलं माणूस ती गोष्ट उद्याही करतं.

पहिल्या महिन्यानंतर आणि पुढे दर तीन महिन्यांनी पायरी १ चा कागद काढा आणि त्या व्यक्तीबरोबर, काळजीवाहकाबरोबर, पर्यवेक्षकाबरोबर बसून पुन्हा भरा. ‘थोडा हात दिला की करतात’ यातली किती कामं ‘दुसऱ्यानेच करावं लागतं’ यात सरकली? आजार वाढल्यामुळे सरकली की करायची संधीच न मिळाल्यामुळे? या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. संधी न मिळाल्यामुळे गेलेलं एखादं काम निवडा आणि पुढच्या तीन महिन्यांत ते परत मिळवायचा प्रयत्न सेवेच्या योजनेत लिहून घ्या.

तेच प्रश्न दोनदा लेखी सांगूनही सुटले नाहीत, माणसं सतत बदलत राहिली, वहीत लिहिलेलं आणि डोळ्यांनी दिसलेलं जुळेनासं झालं, किंवा ती व्यक्तीच स्पष्टपणे नको म्हणू लागली, तर सेवा बदला. बदलताना जुनं आणि नवं माणूस निदान दोन-तीन दिवस एकत्र राहील असं पाहा. छळाच्या संशयावरून बदलत असाल तर मात्र जुनं माणूस लगेच थांबवा. नव्या माणसाकडे काम सोपवताना नोंदवही, औषधांची ताजी यादी, पायरी १ चा कागद आणि डॉक्टरांचे नंबर एका फाइलमध्ये असू द्या, आणि नव्या माणसाची ओळख करून द्यायची पहिली संधी त्या व्यक्तीला स्वतःला द्या.